काचेच्या खोलीसाठी एक हरकत

सिगारेटच्या वासाची मला चीड आहे. नुसती नावड नाही, चीड. लिफ्टमध्ये कुणी नुकताच ओढून आलेला माणूस शिरला, तर मी मधल्याच मजल्यावर उतरते आणि उरलेला जिना चढते. नवरा म्हणतो, नाकाला जरा शांत बसायला शिकव. नाक बसत नाही आणि मीही बसत नाही. इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एका जागी बसून चहा संपवलाय, असं कुणाला आठवणार नाही. कप घेऊन मी या खिडकीतून त्या खिडकीत फिरत असते. त्यामुळे रेस्टॉरंटांत सिगारेट ओढायला पूर्ण बंदी घालायच्या प्रस्तावाला मी विरोध केला, हे माझ्या ओळखीच्यांना सांगितलं तर ते हसतील. नवऱ्याला हे अजून ठाऊक नाही. हे छापून आलं तर कळेलच.

ही चीड आईकडून आली. बाबा पुण्यात एका सरकारी कचेरीत होते. संध्याकाळी घरी येताना सायकल कोपऱ्यावर उभी करून ते एक सिगारेट ओढायचे आणि मग बडीशेप चघळत दारात यायचे. आई दारातच कॉलर हुंगायची. त्यानंतर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढायचा आणि जेवणं होईपर्यंत दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. "त्यांना म्हणावं, आमटी गार होतेय." "तिला म्हणावं, येतोय." तिची त्यांच्याबद्दल दुसरी काही तक्रार नव्हती, पण ही एक तिने लग्नापासून शेवटपर्यंत लावून धरली, आणि बाबांनी ती कधी मनावर घेतली नाही.

गंमत अशी, की तक्रार हाच बाबांचा जीव की प्राण. वर्तमानपत्रात बारीक टाइपात सरकारी सूचना यायच्या, अमुक बदल करण्याचे प्रस्तावित आहे, हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. आम्ही भावंडं रविवारची पुरवणी ओढायचो, बाबा तेवढं पान काढून घ्यायचे. मग फुलस्केप कागदावर, डावीकडे समास सोडून, हरकत लिहिली जायची. बसथांबा हलवण्याला हरकत, गुलमोहर तोडण्याला हरकत, रस्त्याच्या नव्या नावाला आणि मग जुन्या नावालाही हरकत. त्यांची एकच हरकत मानली गेल्याचं मला आठवतं. कचरापेटीची जागा बदलली आणि ती आमच्या फाटकासमोर आली. आईने त्या आठवड्यात त्यांच्याशी माझ्यामार्फतही बोलणं ठेवलं नाही.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. ते नको म्हणत होते. एकटे राहतो, जमेल, पोळ्यांना बाई आहे. मी ऐकलं नाही. एकदा फोनवर मी काय जेवलात विचारलं आणि ते "काल?" असं म्हणाले, तेव्हाच मी ठरवलं. व्हिसा नवऱ्याच्या नावावर झाला. नवरा भला आहे, त्याने एकदाही कपाळाला आठी घातली नाही. पण बाबांच्या दृष्टीने ते मुलीकडे आले नव्हते, जावयाच्या घरी राहायला आले होते, आणि ही गोष्ट त्यांना बुटातल्या खड्यासारखी टोचत राहिली.

ते सोफ्याच्या कडेवर बसायचे. पाठ कधी टेकली नाही. टीव्हीचा रिमोट त्यांनी हातात घेतला नाही. "जरा फ्रीज उघडू का गं?" असं मला विचारायचे. दारात नवऱ्याची किल्ली वाजली, की चष्मा, वर्तमानपत्र गोळा करून आपल्या खोलीत. नवऱ्याने एकदा त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला तर ते उभे राहिले, दोन्ही हातांनी ग्लास घेतला, पाणी प्यायले आणि तो ग्लास स्वतः विसळून ठेवून आले. जावयाला देवासारखं पाटावर बसवायचं, हे शिकलेला माणूस जावयाच्या हातून पाणी कसं घेणार? मला संताप यायचा. कुणाचा, ते ठरवता यायचं नाही.

आणि सिगारेट. घरात तर प्रश्नच नव्हता. एकदा ते बाल्कनीत ओढत उभे राहिले. आमच्या इमारतीत बाल्कनीत ओढायला मनाई आहे, कारण कुणाचं तरी थोटूक खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं होतं. खालून सिक्युरिटीवाला आला. नवऱ्याने सॉरी म्हटलं, दार लावलं, बाबांना काही बोलला नाही. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. बाबा हॉलच्या मध्यभागी पट्टी खाल्लेल्या पोरासारखे उभे होते. माझ्या लेकीने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, इट्स ओके." त्यानंतर ते संध्याकाळी चालायला जाऊ लागले.

चालणं लांबत गेलं. उन्हाळा होता. त्या दिवसांत इथे सूर्य बुडाल्यावरही माणूस चालत नाही, एका एसीतून दुसऱ्या एसीत पळतो. हे मात्र दोन-दोन तास बाहेर आणि घामाचा टिपूस नाही. शर्टाला वास. विचारलं तर, "बरोबरचे ओढतात." कोण बरोबरचे? एके संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग गेले. बापाच्या मागावर जाणं शोभत नाही, पण मला घरात राहवेना.

मेट्रोच्या अलीकडच्या गल्लीत एक रेस्टॉरंट आहे. बिर्याणी, पराठे, कडक चहा. मागच्या बाजूला ओढणाऱ्यांसाठी काचेची वेगळी खोली, तिचं दार आपोआप मिटणारं, छताला हवा ओढून घेणारं मोठं यंत्र. त्या काचेतून मी बाबांना पाहिलं. ते खुर्चीत मागे रेलून बसले होते. एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर, एका पायावर दुसरा पाय, आणि तोंड उघडं टाकून हसत होते. सिगारेट समोरच्या ताटलीत नुसतीच जळत होती, तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. आई गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. मला राग आला. माझ्या घरात कडेवर बसणारा हा माणूस परक्यांत जाऊन असा पसरतो?

काउंटरवरच्या मॅनेजरने मला ओळखलं. "ताई, तुम्ही काकांच्या मुलगी ना? नाक सेम आहे." ते वसईचे ख्रिस्ती गृहस्थ, माझ्याच वयाचे. त्यांनी सांगितलं की काका रोज येतात, आणि काका आल्यापासून त्या खोलीला शिस्त लागली आहे. वेटरने धुरात का यावं, असा प्रश्न काकांनीच काढला. आता चहा दारापाशी ठेवला जातो आणि ज्याचा त्याने उठून न्यायचा. "काकांनी रूलच करून टाकला," मॅनेजर म्हणाले. म्हणजे माझ्या घरात पाण्याचा ग्लास मागायला लाजणारे बाबा इथे नियम करत होते.

त्यांच्यासोबत मुख्यतः दोघं असायचे. एक सुदानी गृहस्थ, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, मोडकं पण हौशी हिंदी बोलायचे. दुसरे लाहोरचे टेलरमास्टर. ते शारजात राहायचे आणि दुकान बंद झाल्यावर रस्त्यावरची गाड्यांची गर्दी ओसरेपर्यंत तिथे बसायचे. तिघांच्या तीन हिंदी. बाबांची पुणेरी हिंदी तर ऐकवत नाही. पण वाद मात्र जोरात चालायचे, चंद्र दिसण्यावरून, आंब्यावरून, पंधराच्या पाढ्यावरून.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं आहे की, त्यांना सोशल सर्कल मिळालं." मी म्हटलं, धुरातलं सर्कल. तो म्हणाला, "अगं, तू बस ना जरा." मी बसले नाही. पण त्या दिवसापासून शर्टाच्या वासाबद्दल विचारणं सोडलं. शर्ट वेगळे धुवायला लागले, एवढंच.

असं वर्षभर चाललं असेल. मग बातमी फिरू लागली, की रेस्टॉरंटांत धूम्रपान पूर्ण बंद करायचा विचार आहे, काचेच्या खोल्यांसकट. आधी ऑफिसच्या ग्रुपवर, मग इमारतीच्या ग्रुपवर, टाळ्यांच्या चित्रांसकट. सरकारी ॲपवर लोकांचं मत मागवलं होतं. माझ्या लेकीच्या शाळेत त्याच विषयावर पोस्टर होतं. तिने जेवणाच्या टेबलावर काळी फुप्फुसं रंगवायला घेतली होती. बाबा शेजारी बसून वाटाणे सोलत होते. ते काय आहे असं त्यांनी विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "लंग्ज, आजोबा. स्मोकर्स लंग्ज." बाबांनी चष्मा सरकवून चित्र नीट पाहिलं आणि काळ्या रंगाबद्दल तिचं कौतुक केलं. मग वाटाण्याची ताटली घेऊन ते माझ्यामागे स्वयंपाकघरात आले.

"ते बंद झालं तर मी परत जावं म्हणतो," ते म्हणाले. "नोव्हेंबरात तिकिटं बघ."

आवाजात रुसवा नव्हता. भाजी कोणती करायची, तसं सांगितलं. मी म्हटलं, सिगारेटीसाठी मुलीला सोडून जाणार? ते म्हणाले, सिगारेटचं काय, ती तशीही अर्धी ताटलीतच जळते. मग कशासाठी, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मला उत्तर माहीत होतं. दिवसातले दोन तास त्यांना कुणाचा तरी सासरा म्हणून जगावं लागत नव्हतं. ते दोन तास गेले तर उरलेले तास त्यांना निभवणार नव्हते. आणि पुण्यात कोण होतं? बंद फ्लॅट, पोळ्यांची बाई, आणि फोनवर विचारलं तर "काल?".

त्या दिवसांत माझ्या जिवाला चैन नव्हती. मी मेट्रोत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचे. सुपरमार्केटमध्ये गाडी भरून मग अर्ध्या वस्तू परत जागेवर ठेवायचे. सगळ्यांच्या दृष्टीने चांगल्या असलेल्या एका गोष्टीने माझा बाप माझ्यापासून जाणार होता, आणि ती गोष्ट चांगली आहे हे मीच जन्मभर ओरडून सांगत आले होते.

काचेच्या खोलीत मात्र उत्साह होता. बाबांनी मला बोलावून घेतलं. श्वास रोखून किती बसणार, म्हणून मी दारातच उभी राहिले. बाबांनी फुलस्केप कागद पैदा केला होता. समास आखला होता. खोली वेगळी आहे, काच बंद आहे, आत येणारा राजीखुशीने येतो, नोकरमाणूस आत येत नाही. हे बंद केलंत तर माणसं पार्किंगमध्ये ओढतील, घरी पोराबाळांसमोर ओढतील. जेवणाच्या जागी नको, हे मान्य. पण या खोलीला वगळावं. सगळं मुद्देसूद होतं, आणि मला मान्य नसलं तरी खोडून काढता येईना. सुदानी गृहस्थ ते अरबीत करून देणार होते. मॅनेजर उत्साहाने मान डोलवत होते. खोली गेली तर संध्याकाळचं अर्धं गिऱ्हाईक जाणार होतं. मास्टर म्हणाले, "हम सब साथ में विरोध करेंगे. सब." सगळ्यांनी इन्शाल्ला म्हटलं.

"कुठं द्यायची हरकत?" बाबांनी मला विचारलं. मी फोन उघडून दाखवला. प्रस्ताव दोन ओळींत होता आणि त्याखाली तीन चेहरे होते. हिरवा हसरा, पिवळा सपाट, लाल नाराज. बाबांनी स्क्रीन वरखाली करून पाहिली.

"कारण कुठं लिहायचं?"

कारण लिहायला जागा नव्हती. बाबांचा चेहरा पडला. कारणाशिवाय हरकत म्हणजे नुसतं तोंड वाकडं करणं, ते म्हणाले. तरी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ठीक आहे, ज्याने त्याने आपापल्या फोनवरून लाल दाबायचा. मुदत रविवारपर्यंत होती.

इथे न राहणाऱ्याला त्या तीन चेहऱ्यांबद्दल सांगायला हवं. कुठल्याही सरकारी खिडकीवर काम झालं की समोर हे तीन चेहरे येतात आणि सेवेबद्दल काय वाटलं ते दाबून सांगायचं असतं. आम्ही हिरवा दाबतो. टोकन हरवलं असो, फाइल परत आली असो, उभं राहून पाय सुजले असोत, हिरवा. नवीन आलेल्याला जुना माणूस घर कसं शोधायचं ते सांगतो, बँक सांगतो, आणि जाता जाता सांगतो, हिरवा दाबायचा बरं का. लाल दाबल्यामुळे कुणाचं कधी काही वाईट झाल्याचं मी ऐकलेलं नाही. ही भीती कुणी घातलेली नाही, ती आमची आम्हीच सामानात बांधून आणलेली आहे. माझी लेक बोलायला लागायच्या आधी हिरवा दाबायला शिकली.

म्हणून बाबा लाल दाबणार हे नवऱ्याला कळलं तेव्हा तो पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. बाबांसमोर नाही, माझ्यासमोर, आमच्या खोलीत. तो म्हणाला, त्यांचा व्हिसा माझ्या नावावर आहे, त्यांच्या लॉगिनमधून लाल गेला तर तो माझ्या नावाखाली जाणार. उद्या रिन्यूअलला कुणी विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, कोण विचारतंय? तो म्हणाला, कुणी विचारत नाही हे मलाही माहीत आहे, पण आपल्याला काय करायचंय? इथली भिंत पातळ आहे. बाबा दुसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणाले, की त्यांना मतबित द्यायचं नाही, तो ॲप त्यांना जमत नाही. नवऱ्याने मान खाली घालून उपमा खाल्ला. मला दोघांचाही कंटाळा आला.

शनिवारी मी मेट्रोत उभी होते. बसायला जागा होती, तरी उभी. फोन काढला, माझं स्वतःचं लॉगिन केलं, प्रस्ताव उघडला. शेजारी एका माणसाच्या अंगाला सिगारेटचा वास येत होता, तोच तो कॉलरचा वास, आणि मी तोंड फिरवून लाल चेहरा दाबला. बंदी मला हवी होती. आजही हवी आहे. पण बाबा जायला नको होते, आणि ॲपवर ते लिहायला जागा नव्हती. मत दिल्याबद्दल आभार, असं स्क्रीनवर आलं. मी पुढच्याच स्टेशनवर उतरले, काही कारण नसताना.

मग दोन दिवस अनोळखी नंबर वाजला की मी पहिल्याच रिंगला उचलायचे. एकदा कुरिअरवाला होता, एकदा क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी. तिला मी इतक्या नम्रपणे उत्तरं दिली, की ती बिचारी गोंधळली. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही.

मुदत संपल्यावर सोमवारी मी बाबांना आणायला गेले. काचेच्या खोलीत आवाज नव्हता. मॅनेजरसुद्धा आत येऊन बसले होते आणि सगळे ताटलीकडे बघत होते. मी दारात उभी राहून विचारलं, काय झालं. मॅनेजरनेच सांगितलं. त्यांनी फोन उघडला, लाल दाबायचंच ठरवलं होतं, आणि बोट हिरव्यावर गेलं. "ताई, सवय हो. इतकी वर्षं तेच केलं." हे ऐकून मास्टर म्हणाले, त्यांनीही हिरवाच. गाव सोडून आलेल्या माणसाने कशाला नाराज दिसायचं. सुदानी गृहस्थांनी आधी पिवळा दाबायचा विचार केला होता, म्हणे, पण पिवळाही त्यांना जरा उद्धट वाटला. सगळ्यांनी मिळून स्वतःच्या खोलीविरुद्ध मत दिलं होतं. मला हसू आवरेना. मी हसले तसे मास्टरही हसले, आणि सुदानी गृहस्थ डोळे पुसू लागले. बाबा हसले नाहीत.

"मीही हिरवाच," ते म्हणाले.

मला वाटलं, जावयासाठी. नातीकडून ॲप उघडून घेतला असणार. मी म्हटलं, मत द्यायचंच नव्हतं ना तुम्हाला, नसतं दिलं तरी चाललं असतं, त्यांच्या नावाला काही झालं नसतं.

"त्यांच्यासाठी नाही," बाबा मराठीत म्हणाले. "तुझ्या आईची आयुष्यभर एक हरकत होती. मी जगाच्या हरकती लिहीत बसलो, तिची कधी घेतली नाही. म्हटलं, एकदा नोंदवावी."

मी दारातून आत गेले. धूर होता, डोळ्यांत गेला, घशात गेला. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मी कुठे तरी नीट बसले असेन.

"बाबा, मी लाल दाबला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी चोरी केल्याचंच सांगितलं होतं. "तू? का?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

हे मी त्यांना आधी कधी म्हटलं नव्हतं. या, राहा, जेवा, औषध घ्या, हे सगळं म्हटलं होतं. ताटलीत सिगारेट जळत होती, ती त्यांनी दाबून विझवली. मॅनेजर वसईचे, त्यांना सगळं कळलं होतं. ते उठून बाहेर गेले आणि चहा घेऊन आत आले. वेटरचा रूल मॅनेजरला लागू नव्हता.

घरी चालत येताना मी त्यांना म्हटलं, हे दोघं आणि मॅनेजर, यांना रविवारी घरी बोलवा. खोलीचं काय व्हायचं ते होईल. बाबा म्हणाले, घरी कसं, जावयांना विचारायला हवं. मी म्हटलं, मी विचारते. नवऱ्याला मी विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "चालेल," आणि मग, जरा वेळाने, "ते सगळे स्मोकर आहेत ना?" मी म्हटलं, ज्याला ओढायचंय तो खाली त्याच काचेच्या खोलीत जाऊन येईल. प्रस्तावाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. खोली अजून आहे.

रविवारी दुपारी बाबांसकट चौघं आमच्या हॉलमध्ये होते. सुदानी गृहस्थांनी खजूर आणले होते, मास्टरने माझ्या लेकीसाठी उरलेल्या तुकड्यांची पर्स शिवून आणली होती. हॉलभर त्यांच्या कपड्यांचा तो वास होता. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, बाहेरचं ऊन आत आलं, एसीचा जीव मेटाकुटीला आला आणि मी परत सगळ्या लावल्या. लेक सुदानी गृहस्थांना म्हणत होती, "अंकल, डू यू नो यू हॅव ब्लॅक लंग्ज?" ते गंभीरपणे हो म्हणाले. मी स्वयंपाकघर, हॉल, परत स्वयंपाकघर अशा चकरा मारत होते.

एका चकरेत मी पाहिलं, तर बाबांची पाठ सोफ्याला टेकलेली होती. एक हात सोफ्याच्या पाठीवर पसरलेला. ते पाढ्यांवरून सुदानी गृहस्थांशी हमरीतुमरीवर आले होते. नवरा कडेच्या खुर्चीवर बसून ऐकत होता. बाबांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि वाद न थांबवता कप नवऱ्यासमोर धरला.

"अहो, जरा साखर आणा आतून."

मी दारातच थांबले. नवरा क्षणभर कपाकडे बघत राहिला. मग उठला, आत गेला, साखरेचा डबाच घेऊन आला आणि त्यांच्या कपात चमचा घातला. बाबा उभे राहिले नाहीत. त्यांनी ढवळून चव घेतली.

"अजून एक," ते म्हणाले.